दोन जावा, आठ ट्रॅक

बोलणं बंद असलेल्या दोन बायका एका इमारतीत राहत असल्या की तिथे शांतता नांदते, असं ज्याला वाटतं त्याने खुशाल आठवडाभर माझ्याकडे राहायला यावं. दोन वेळचं जेवण मिळेल, आणि जिने चढून-उतरून ते पचेलही. अबोला हा फार बोलका प्रकार आहे. त्याला निरोप्या लागतो. आमच्या घराण्यात हे पद माझ्याकडे आहे. बिनपगारी, कायमस्वरूपी आणि निवृत्तीनंतर न मागता मिळालेलं.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. माझा धाकटा भाऊ बरोबर आमच्या डोक्यावर. माझी बायको आणि त्याची बायको, म्हणजे आमची धाकटी, या जावा. एके काळी त्यांचं इतकं गूळपीठ होतं की एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी प्यायची. आणि आता? जिन्यात अगदी समोरासमोर आल्या तरी बायको भिंतीकडे बघून म्हणणार, "अहो, त्यांना सांगा, त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या भिंतीत उतरतंय." 'अहो' म्हणजे मी. मी त्या वेळी दोघींच्या मधल्या पायरीवर भाजीची पिशवी सांभाळत उभा असतो. मी सांगतो. मग धाकटी दुसऱ्या भिंतीकडे बघून म्हणणार, "भाऊजी, त्यांना सांगा, पाणी आमचं असेल, पण भिंत आधीच तडकलेली आहे." मी तेही सांगतो. मध्यंतरी मला ताप आला तेव्हा दोघींनी इस्त्रीवाल्याला मधे घेतलं. तो भला माणूस थोड्याच दिवसांत धंदा बदलायच्या गोष्टी करू लागला.

या सगळ्याचं मूळ एका शब्दात होतं. दोघी गायच्या. गाणं एकच, आईचं. आईने ते कुठून आणलं कुणाला ठाऊक नाही. ती म्हणते 'मी केलं', आणि नव्वदीला टेकलेल्या बाईकडे पुरावा कोण मागणार? गाणं सवाल-जबाबाचं. एकीने म्हणायचं, 'उघडं ठेव दार बाई, वारा येतो घरी,' आणि दुसरीने उत्तर द्यायचं, 'येऊ दे गं वारा बाई, झाक दिवा तरी.' अशी भरपूर कडवी. माझ्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात दोघींनी ते म्हटलं आणि टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं. मग निवेदक पुढे आला आणि म्हणाला, "वा! थोरल्या वहिनी गातात आणि धाकट्या वहिनी काय सुंदर री ओढतात!"

आता 'री ओढणे' हा शब्द मुळात काही वाईट नाही. पुढच्याने टाकलेला सूर मागच्याने खाली पडू न देता धरायचा, हे काम येऱ्यागबाळ्याचं नाही. पण शब्दांचंही माणसांसारखंच असतं. वाईट संगतीत राहिला की चांगल्या घरचा शब्दही वाया जातो. आज 'री ओढणारा' म्हणजे कोण, तर ज्याला स्वतःचं डोकं नाही असा माणूस. धाकटीचा चेहरा उतरला. तिने वळून बघितलं, तर माझी बायको हसत होती.

"हसल्या त्या!" हे धाकटीचं म्हणणं.

"हसले नाही. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून तोंड तसं झालं." हे आमच्या बाजूचं.

कार्यक्रम बंद सभागृहात झाला होता, ही गोष्ट मी दोन्ही पक्षांना आजवर सांगितलेली नाही. निरोप्याने आपली पायरी ओळखून राहावं.

तर असा तो अबोला नीट मुरत असताना आईने फर्मान काढलं. आई आमच्याकडे असते, आणि तिला आता जिना झेपेना. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टसाठी ठेवलेल्या जागेत सेक्रेटरींनी सायकली लावल्या आहेत. माझी बहीण, आक्का, लांबच्या गावी राहते, तिचं घर बैठं आहे. आईने तिच्याकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. सगळे जमलो होतो तेव्हा आई म्हणाली, "जाते मी. काही तक्रार नाही. फक्त दोघींचं ते गाणं मला द्या बांधून."

"बांधून?" मी विचारलं.

"लांबच्या प्रवासाला काय देतात ते बांधूनच देतात ना रे? का ताटात वाढून देतात?"

दोघींनी माना डोलावल्या. एकीने खिडकीकडे बघत, दुसरीने पंख्याकडे. मी चाचरत म्हटलं, "आई, एकीचं चालेल का?"

"एकीचं म्हणजे नुसता प्रश्न. उत्तर कोण देणार? तुझा बाप?"

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ते होते तेव्हाही उत्तर देत नसत. मुद्दा बिनतोड होता. आक्काची गाडी यायच्या आत दोघींचं गाणं व्हायला हवं होतं, आणि दोघी एका खोलीत बसायला तयार नव्हत्या.

इथे धाकट्याला कल्पना सुचली. धाकटा पाणीपुरवठा खात्यात कॉम्प्युटरवर होता. जगातली कुठलीही गोष्ट कॉम्प्युटरवर दुरुस्त होते अशी त्याची श्रद्धा आहे. त्याच्या काळात गावाला पाणी येत नसे, पण पाण्याचा आलेख रोज वेळेवर येई. तो मला जिन्यात गाठून म्हणाला, "दादा, मल्टिट्रॅक! वहिनींनी आज गायचं, हिने उद्या. एकीचा आवाज एका ट्रॅकवर, दुसरीचा दुसऱ्या. नंतर दोन्ही एकदम वाजवायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, मांडीला मांडी लावून बसल्यात. माझ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकतो, फुकटात काम."

मी ही आनंदाची बातमी खाली सांगितली. बायको म्हणाली, "त्यांच्या कॉम्प्युटरवर मी गाणार नाही."

"का?"

"तो वर आहे."

धाकट्यालाच विचारलं, दुसरा काही मार्ग? तेव्हा कळलं की या कामाचं सुटं मशीनही मिळतं. छोट्या पेटीएवढं, वर बटणं, आतच माइक, कॉम्प्युटरबिंप्युटर काही नको. झालं. मशीन की सॉफ्टवेअर, या प्रश्नाने आमची इमारत उभी चिरली.

मशीनवाल्यांचे पुढारी आमचे शेजारी, निवृत्त दातांचे डॉक्टर. त्यांच्या खुर्चीतल्या माणसाला कधी उलट उत्तर देता आलं नाही, त्याची त्यांना सवय झालीय. अजूनही समोरच्याने तोंड उघडलं की ते बोलायला लागतात. "मशीनच घ्या! बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कॉम्प्युटर म्हणजे अक्कलदाढ. असते कशाला ते कळत नाही आणि दुखते मात्र ऐन वेळी." सॉफ्टवेअरवाल्यांचे पुढारी सेक्रेटरी. ते मला थेट दारात म्हणाले, "वेड लागलंय का मशीन घ्यायला? सॉफ्टवेअरमध्ये बेसूर गळासुद्धा सरळ करता येतो."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "कुणाचा गळा सरळ करणार म्हणतात ते?"

सेक्रेटरी सरळ झाले आणि जिना उतरले. मशीनचा निर्णय तिथे लागला.

दुकानदाराला फोन केला तर त्याने विचारलं, "किती ट्रॅकचं देऊ?"

"मला काय कळतंय. दोन जावा आहेत."

"मग आठचं घ्या," तो म्हणाला. विवाहित असावा.

मशीन पार्सलने निघालं आणि पार्सल कार्यालयात येऊन बसलं. तिथल्या कारकुनाने माझा कागद बघितला, खोकं बघितलं, मला बघितलं आणि या तिन्हींपैकी कशावरच त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. "इथे लिहिलंय, ट्रॅक आठ."

"बरोबर."

"खोकं एकच आलंय. सात कमी आहेत."

"अहो, आठही आतच आहेत."

"आठ नग एका खोक्यात? मग 'आठाचा संच' असं लिहायला हवं होतं. उघडून दाखवा."

मी खोक्याला हात घातला तर तो किंचाळला, "उघडू नका! उघडलंत म्हणजे ताब्यात घेतलंत. आणि माल अपुरा असताना मी ताब्यात देऊ शकत नाही."

"म्हणजे उघडल्याशिवाय देणार नाही आणि दिल्याशिवाय उघडू देणार नाही?"

"आता तुम्हाला कळलं," तो समाधानाने म्हणाला. मी त्याला ट्रॅक म्हणजे काय ते समजावलं. आवाज ठेवायच्या जागा, एकाशेजारी एक, जशा या हॉलमधल्या खिडक्या. प्रत्येकीवर वेगळा माणूस बोलतो. त्याला ते पटलं, कारण तिथे खरंच आठ खिडक्या होत्या आणि सगळीकडची माणसं एकदम बोलत होती. शेवटी 'आठ ट्रॅक मिळाले, सर्व चांगल्या स्थितीत व रिकामे' असं मी लिहून दिलं आणि खोकं बगलेत मारून घरी आलो. दारात सेक्रेटरी नोटीस घेऊन उभे. राहत्या जागेत ध्वनिमुद्रणाचा धंदा चालवल्याबद्दल.

"धंदा कसला? फुकट आहे."

"फुकट असेल तर ती सेवा झाली. सेवा सर्व सभासदांना समान मिळायला हवी," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "माझा वार्षिक अहवाल रेकॉर्ड करून ठेवाल का? सभेत कुणी पूर्ण ऐकत नाही." मी हो म्हटलं. नोटीस खिशात परत गेली.

पहिला प्रयत्न असा झाला. बायको आमच्याकडे मशीनवर गायली, धाकटी वर कॉम्प्युटरवर गायली, दोघींनाही आम्ही भावांनी सांगितलं की पहिली तूच. खोली घुमू नये म्हणून बायकोला कपाटात तोंड घालून गायला लावलं होतं. ती कोटांच्या आणि रजयांच्या मधे अर्धी शिरून 'उघडं ठेव दार बाई' म्हणत असताना डॉक्टर साखर मागायला आले आणि काही न मागता परत गेले. धाकट्याने दोन्ही आवाज एकत्र जोडले. सूर वेगळे, लय वेगळी. दोन बाया दोन वेगवेगळ्या बसमधून एकमेकींना पत्ता सांगतायत, असं काहीतरी ऐकू आलं. धाकटा म्हणाला, "थांब, वहिनींना थोडं ताणतो." त्याने ताणलं. बायकोचा आवाज आमच्या जुन्या बँक मॅनेजरसारखा झाला. तो कर्ज नाकारताना ज्या पट्टीत बोलायचा ना, अगदी त्या पट्टीत. आणि नेमकं तेच मी मूर्खासारखं खाली आणून बायकोला ऐकवलं. त्या दिवशी मला जेवायला वाढलं गेलं, पण ताटाकडे बघून.

शहाणपण एवढंच आलं की एकीने गाताना दुसरीचं कानात ऐकलंच पाहिजे, म्हणजे दोघींना एकाच यंत्रावर गायला हवं. पण मग एक पहिली आणि एक दुसरी होणार. दुसरी म्हणजे पुन्हा री ओढणारी! दोघींनी साफ नकार दिला. आक्काची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आईचं सामान बांधून झालं होतं. ती पलंगावर बसून दर थोड्या वेळाने विचारायची, "बांधलं का रे गाणं?"

अशा प्रसंगी माणसाचं खरं तेज बाहेर येतं. मी जाहीर केलं, "पहिल्या ट्रॅकवर मी. निवेदन करणार. तुम्ही दोघीही माझ्या मागून." हे दोघींना मान्य झालं, कारण मला गाणाऱ्यांत कुणी मोजतच नाही, माझ्या मागे राहण्यात कुणाला कमीपणा कसला? आधीचं सगळं पुसून मी मशीनसमोर बसलो आणि निवेदन केलं. आपलं घराणं, आपली परंपरा, आईचे कष्ट, संगीत ही ईश्वरी देणगी, वगैरे. बोलता बोलता कपाटाचा कोपराही भारावला असेल. डॉक्टर दारातून म्हणाले, "भूल देताना असंच बोलायचो मी." ही दाद समजावी की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या ट्रॅकवर बायकोने तिच्या ओळी म्हटल्या. मग मी मशीन छातीशी धरून वर गेलो. धाकटी म्हणाली, "यंत्र आमच्याकडे आलंय. मी कुणाकडे गेलेले नाही, एवढं लक्षात असू द्या." मी म्हटलं, असू दिलं. तिने हेडफोन चढवले, मी लाल बटण दाबलं.

आता हेडफोनची एक गंमत आहे. ते कानावर चढवले की माणसाला वाटतं आपण मनातल्या मनात बोलतोय. प्रत्यक्षात तो ओरडत असतो. त्यातून इतक्या वर्षांनी जावेचा आवाज थेट कानात. धाकटीने गायला म्हणून तोंड उघडलं आणि म्हणाली, "अगं बाई, 'दार' किती ओढतात या! दार आहे का फाटक?"

झालं, तिसऱ्या ट्रॅकवर हे बसलं. मी पुसणार तेवढ्यात खालून हाक आली, "अहो, झालं का?" घाईत मशीन तसंच घेऊन खाली उतरलो. बायकोने हेडफोन ओढून घेतले. तिचे डोळे मोठे होत गेले. "फाटक?" ती गरजली. मी घाबरून भलतंच बटण दाबलं. ते लाल होतं. "आणि तू गं? 'वारा' म्हणताना मधेच श्वास घेतेस, वारा बंद पडतो त्याचं काय?"

मी जागच्या जागी बसलो. 'त्यांना सांगा' नाही, 'अहो' नाही. तू! थेट तू! माझं खातं बरखास्त झाल्याची ती पहिली सूचना होती, आणि इतकी आनंदाची सूचना मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही आली नव्हती. मी मशीन उचललं आणि वर पळालो. या वयात पळालो म्हणतोय, त्यातलं निम्मं सोडून द्या, पण उरलेलं निम्मं खरं आहे.

पाचव्या ट्रॅकवर धाकटी म्हणाली, "श्वासाचं सोडा. तुम्ही हसलात त्या दिवशी."

सहाव्यावर बायको म्हणाली, "ऊन होतं." मग तिने पदराने मशीनवरची धूळ पुसल्याची खरखर. मग, "बरं, हसले. तुला नव्हते हसले. त्या निवेदकाच्या मिशीला चहाचा फेस लागला होता. तो 'री' म्हणाला की फेस हलायचा. तुला खुणेने दाखवत होते, तर तू तोंड फिरवून निघून गेलीस. आता तुझ्या मागे धावत येऊन मिशी मिशी ओरडू का?"

सातव्या ट्रॅकवर आधी नाकातून आलेला एक आवाज. मग, "तो फेस होता? मला वाटलं मिशी तेवढीच पिकलीय!" आणि त्यापुढे धाकटी जी हसलीय, ते अजून कुणाला ऐकवलं तर मशीन बिघडलंय म्हणतात.

आठव्यावर बायकोने गुडघ्याचं दुखणं, मोरीची भिंत, आक्काकडच्या उशा आईला टोचतील का, आणि 'तू बारीक झालीस, जिन्यात बघितलं मी' असं सगळं एका दमात भरलं. आणि मशीनचे आठही दिवे लाल झाले.

"पुढचं कुठे बोलू?" बायकोने विचारलं.

"जागा संपली."

"मग गाणं?"

तिथेच सगळं अडलं. आठ ट्रॅक भरले होते. एकावर मी, एकावर अर्धं गाणं, उरलेल्या सहांवर भांडण. "पहिलं भांडण पुसू?" मी विचारलं. "हात लावून बघा," बायको म्हणाली. सेक्रेटरी जिन्यात होतेच, असल्या वेळी ते जिन्यातच असतात. ते म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं, मशीनला सीमा असते." वरून धाकटा ओरडला, "वहिनी, कॉम्प्युटरवर हवे तेवढे ट्रॅक आहेत!"

बायकोने पदर खोचला. "मशीनला जागा नाही म्हणून जातेय, दुसरं काही कारण नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा." आणि ती चढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धाकटीचं दार उघडंच होतं.

मी आईजवळ थांबलो. आमच्या इमारतीच्या पोटात पाइपांसाठी एक चौकोनी पोकळी आहे. आईच्या खोलीची खिडकी तिच्यात उघडते आणि वरच्यांचीही. त्या पोकळीतून धाकट्याचा आवाज आला, "बसा वहिनी, लगेच सुरू करतो." मग थोड्या वेळाने, "अरेच्चा." मग, "हे अपडेट घेतंय. बंद करू नका म्हणतंय." मग डॉक्टरांचा विजयी आवाज कुठल्या तरी तिसऱ्याच खिडकीतून, "अक्कलदाढ!"

मग काही ऐकू येईना. वर दोघी काळ्या पडद्यासमोर बसल्या असतील, हाताशी ना मशीन ना निरोप्या. मी मनात म्हटलं, आता पुन्हा पंखा आणि खिडकी.

आणि पोकळीतून सूर उतरला. 'उघडं ठेव दार बाई, वारा येतो घरी.' लगोलग दुसरा, 'येऊ दे गं वारा बाई, झाक दिवा तरी.' पुढच्या कडव्यात धाकटीने विचारलं आणि बायकोने उत्तर दिलं. कुणी ठरवलं होतं? कुणी नाही.

माझ्या मांडीवर मशीन, आठही दिवे लाल. "आई, हे भरलंय. काय पुसू?"

"तुझं."

"अगं, त्यात आपलं घराणं, परंपरा, सगळं आलंय."

"तेच पुस. ते मी तुला बोलता यायला लागल्यापासून ऐकतेय."

मी मन घट्ट करून पहिला ट्रॅक निवडला, मशीन खिडकीत ठेवलं आणि लाल बटण दाबलं. वर दोघी गात होत्या, आणि इकडे आई, डोळे मिटून, पलंगाच्या काठावर बोटं वाजवत, त्यांच्याबरोबर म्हणत होती. तिला थांबवायचं धैर्य मला झालं नाही. झालं असतं तरी थांबवलं नसतं.

सगळे खाली जमल्यावर मी ते वाजवलं. आई अगदी जवळ होती ना, त्यामुळे तिचा आवाज मोठा, ठसठशीत. दोघी मागे लांबून, पाण्याच्या पाइपातून आल्यासारख्या. बायको आणि धाकटी ऐकत राहिल्या. धाकटीने डोळे पुसले, तिचं बघून बायकोनेही.

आई मात्र वैतागली. "यात तर मीच आहे! मला मी कशाला? मी येतेच आहे माझ्याबरोबर. हे तुम्ही ठेवा."

"मग आई, तुम्हाला काय देऊ?" धाकटी रडवेली झाली. "गाडी तर येईल आता."

"ते भांडण द्या बांधून. गाणं मला पाठ आहे."

"आई, काहीतरीच!" दोघी लाजल्या. पण आईने मशीन कुशीत घेतलं ते सकाळी गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. गाणं तेवढं धाकट्याने अपडेट संपल्यावर, मशीनमधलं आवाज साठवायचं छोटं कार्ड तिच्याकडून मागून, कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि मशीनवरून काढून टाकलं, त्यामुळे आईकडे एक ट्रॅक मोकळा राहिला. तो कशाला लागेल, ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. गाडी वळेपर्यंत दोघी फाटकाशी उभ्या होत्या. जिना चढताना बायको धाकटीला म्हणाली, "चल, चहा टाक." मला कुणीच काही सांगायला सांगितलं नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

थोड्या दिवसांनी आक्काचा फोन आला. "दादा, तुम्ही हे काय दिलंय आईला? दिवसभर तेच लावते. जेवतानासुद्धा. मधेच मशीन थांबवून तुझ्या बायकोला उत्तर देते, मग धाकटीला झापते. काल मशीनला म्हणाली, थांब, मला बोलू दे. मी ते लाल बटण दाखवलं. सवय काही जाईना, आता दार लावून बसते."

पाठोपाठ पाकीट आलं, आत मशीनचं छोटं कार्ड. आम्ही सगळे वर कॉम्प्युटरभोवती जमलो. दोघी एकाच बाकड्यावर. धाकट्याने वाजवलं.

"मी बोलतेय," आईचा आवाज आला. "दोघी ऐकताय ना? तुमचं सगळं ऐकलं. फाटक ऐकलं, श्वास ऐकला, मिशी ऐकली. तर दोघींचंही चुकतंय. ते 'झाक दिवा तरी' नाहीच. 'झाक दिवा परी' असं आहे. पहिल्यापासून चुकीचं म्हणताय. मी बोलले नाही, म्हटलं सुनांना कशाला दुखवा. आता लांब आहे म्हणून बोलते. नीट म्हणा."

धाकटीने हळूच पुढे होऊन कॉम्प्युटरवर ते खिडकीतलं गाणं लावलं. आईचा आवाज, मोठा, ठसठशीत, एकेक अक्षर सुटं: 'येऊ दे गं वारा बाई, झाक दिवा तरी.'

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"आईंचंच चुकतंय!" दोघी एकदम म्हणाल्या. सूर एक, लय एक. धाकट्याला कुणाला ताणावं लागलं नसतं.

"हे रेकॉर्ड कुठून होतं?" बायकोने विचारलं.

"तो लाल ठिपका," धाकटी म्हणाली. "सरका जरा ताई, मलाही बोलायचंय."